घरच्या पवनचक्कीचा हिशेब युनिटांत द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती पवनचक्क्यांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. गच्चीवर एक लहानशी पवनचक्की आणि जिन्याखाली दोन बॅटऱ्या बसवल्या की घराचे वीजबिल शून्यावर येते, असा त्या लेखाचा एकंदर सूर होता. लेखकाचा उत्साह खरा आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावरील माझ्या घरी २०१६ पासून एक किलोवॉटची पवनचक्की आहे, तिची रोजची युनिटे मी वहीत लिहीत आलो आहे, आणि त्याआधीची बावीस वर्षे जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून बॅटऱ्या, जनरेटर आणि खारी हवा यांच्याच संगतीत काढली आहेत. त्या अनुभवाच्या आधारे त्या लेखात राहून गेलेल्या काही गोष्टी आपल्या वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. घरगुती पवनचक्कीपासून कोणाला परावृत्त करावे, हा माझा हेतू नाही. माझी पवनचक्की आजही सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, फिरते आहे आणि तिच्यावाचून राहण्याची माझी इच्छा नाही; मात्र ती ज्या भाषेत विकली जाते ती भाषा बदलली नाही, तर एक उपयुक्त साधन फसवणुकीच्या पंक्तीला जाऊन बसेल, ही मला लागलेली काळजी आहे.

मला पवनचक्की विकणाऱ्या गृहस्थांनी कागदावर केलेला हिशेब असा होता : एक किलोवॉट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला चोवीस युनिटे. सूर्य संध्याकाळी मावळतो, वारा रात्रीही वाहतो, म्हणून सौरपटलापेक्षा पवनचक्की केव्हाही चांगली, असे ते म्हणाले. त्या माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की, हा एक किलोवॉट सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्याला मिळतो. सेकंदाला १२ मीटर म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असा वारा आमच्याकडे आषाढातल्या काही दिवशी वाहतो, आणि तेव्हा माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या ताणलेल्या दिसतात. वर्षातले बहुतेक दिवस वारा त्याच्या तिसऱ्या हिश्शाने असतो. वेग तिसऱ्या हिश्शावर आला तर वीजही तिसऱ्या हिश्शावर येईल असे आपण सहज धरून चालतो, आणि सगळी फसगत नेमकी तिथे होते. कारण वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला तर ऊर्जा आठव्या हिश्शावर येते, आणि वेग तिसरा हिस्सा झाला तर सत्ताविसाव्या हिश्शावर. माझ्या पवनचक्कीच्या पात्यांचा घेर अडीच मीटर व्यासाचा आहे. सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात त्या घेरातून जेमतेम १९० वॉट ऊर्जा वाहते. कितीही उत्तम पाती केली तरी त्यातला ५९.३ टक्क्यांहून अधिक वाटा काढता येत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिले, आणि लहान पवनचक्कीत प्रत्यक्षात हाती लागतो तो पाव हिस्सा किंवा त्याहूनही कमी. म्हणजे माझी एक किलोवॉटची पवनचक्की एरवीच्या वाऱ्यात चाळीस-पंचेचाळीस वॉट देते. जुन्या काळी देवघरात जो पिवळा बल्ब लावत, तेवढ्यापुरती ही वीज आहे.

माझी दुसरी चूक जागेची होती आणि ती पूर्णपणे माझी स्वतःची होती. पहिल्या वर्षी मी पवनचक्की घराच्या स्लॅबवर तीन मीटरच्या खांबावर बसवली. समोर आगरातले माड, मागे हापूसची जुनी कलमे, आणि मधे घर. झाडांवरून आणि घराच्या भिंतीवरून आदळून येणारा वारा सरळ वाहत नाही, तो ओढ्यातल्या भोवऱ्यासारखा गरगरतो. पवनचक्की मिनिटामिनिटाला तोंड फिरवत राही, पाती वेग धरण्याच्या आतच मंदावत, आणि तिची घरघर खांबातून स्लॅबमध्ये व स्लॅबमधून माझ्या वृद्ध आईच्या खोलीच्या भिंतीत उतरे. तिने बिचारीने महिनाभर तक्रार केली नाही. एके दिवशी सकाळी तिची गादी पडवीत घातलेली दिसली तेव्हा मला समजले. पुढे वाचनात आले की, ब्रिटनमध्ये २००७ ते २००९ या काळात घरांवर बसवलेल्या २६ पवनचक्क्यांची प्रत्यक्ष मोजणी झाली होती आणि त्यांची सरासरी निर्मिती, बंद राहिलेला काळ धरून, दिवसाला २१४ वॉट-अवर म्हणजे पाव युनिटाच्याही आत भरली होती. वारिक विंड ट्रायल्स या नावाने ती मोजणी प्रसिद्ध आहे. शहरातल्या गच्चीवर पवनचक्की बसवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला विक्रेत्याने हा आकडा आधी सांगितला पाहिजे. आपल्या पुरवणीतल्या लेखासोबतचे छायाचित्र पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीचे असावे असे दिसते. चारही बाजूंनी त्याच उंचीच्या इमारती असलेल्या अशा गच्चीवर पवनचक्की हे केवळ शोभेचे झाड ठरेल, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

जाणकार लोक एक ठोकताळा पाळतात. दीडशे मीटरच्या परिसरातील सर्वांत उंच झाड वा इमारत जेवढी असेल, तिच्यापेक्षा पात्यांचा खालचा टोकही निदान नऊ-दहा मीटर उंच असला पाहिजे. हे वाचल्यावर मी पवनचक्की घरावरून उतरवली आणि वरच्या सड्याच्या कडेला, जिथे कातळ आणि गवत यांखेरीज काही नाही, पंधरा मीटरच्या मनोऱ्यावर चढवली. मनोरा बुडाशी बिजागरीवर बसवलेला आहे आणि चार बाजूंनी तारांच्या ताणांनी बांधलेला आहे. ताण सोडून हातरहाटाने तो जमिनीवर आडवा करता येतो. हा खर्च पवनचक्कीच्या किमतीएवढाच आला, ही गोष्टही कोणत्या माहितीपत्रकात नसते. शिवाय कातळावर चांगले अर्थिंग मिळणे फार कठीण असते. जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, आणि वळवाची वीज नेमकी तेव्हाच पडते. मला अर्थिंगचे तीन खड्डे खालच्या मातीच्या जागेत खणून तिथपर्यंत तांब्याची पट्टी न्यावी लागली. एवढे केल्यावर मात्र त्याच पवनचक्कीने गच्चीवरच्या तुलनेत कितीतरी अधिक वीज दिली. यंत्र तेच होते, फक्त वारा खरा मिळू लागला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मग किनाऱ्यावरच्या किंवा सड्यावरच्या माणसाने पवनचक्कीचा विचार करावाच कशाला, जेव्हा तेवढ्याच पैशात तिच्या दुपटी-तिपटीने सौरपटले येतात? याचे उत्तर माझ्या वहीच्या पानांत आहे. आपल्या राज्यात पवनऊर्जेचा हंगाम मे ते सप्टेंबर हा आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरील वा धुळ्याच्या ब्राह्मणवेल येथील मोठ्या पवनचक्क्यांची बहुतेक कमाई याच महिन्यांत होते. आणि याच महिन्यांत ऊन हरवते. माझ्या घरावरील एक किलोवॉटची सौरपटले फाल्गुन-चैत्रात दिवसाला चार-साडेचार युनिटे देतात, ती आषाढातल्या सलग झडीच्या दिवसांत एका युनिटावर येतात. त्याच दिवसांत सड्यावरची पवनचक्की तीन-साडेतीन युनिटे देऊन जाते. उलट मार्गशीर्षात ती जवळजवळ आळसावलेली असते. दुपारी खारे वारे सुटले की तासन्‌तास रेंगाळत फिरते आणि रात्रीच्या मतलई वाऱ्यांत तर तिची पाती हलतही नाहीत. दिवसाला पाव युनिट मिळाले तरी मी समाधान मानतो, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि पटले आपले काम चोख करत असतात. वर्षभराची बेरीज केली तर सौरपटले पवनचक्कीच्या खूप पुढे जातात, यात वाद नाही. परंतु घराला वर्षाची बेरीज पुरत नाही, घराला आजची रात्र काढायची असते. आणि कोकणात वीज जाते ती मार्गशीर्षात नव्हे, तर झाडे तारांवर पडतात त्या ज्येष्ठ-आषाढात जाते. पवनचक्कीची उपयुक्तता एवढीच आहे, आणि एवढी ती निश्चित आहे.

पण ही जोडी बॅटरीशिवाय कवडीमोलाची आहे, आणि आपल्या लेखात बॅटरीला अवघ्या दोन ओळी मिळाल्या, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याचे सुरुवातीचे प्रसिद्ध प्रयोग झाले तेच मुळी घरासाठी, आणि तेही साठवणुकीसह. ग्लासगोचे प्राध्यापक जेम्स ब्लाइथ यांनी १८८७ मध्ये स्कॉटलंडमधील मेरीकर्क या गावी आपल्या सुटीच्या घराच्या बागेत कापडी शिडांची पवनचक्की उभारली आणि तिची वीज बॅटऱ्यांत भरून घरात दिवे लावले. त्याच सुमारास अमेरिकेत क्लीव्हलँड येथे चार्ल्स ब्रश यांनी आपल्या वाड्याच्या परसात १७ मीटर व्यासाचे, १४४ पात्यांचे अजस्र चाक उभे केले; त्याची वीज तळघरातल्या ४०८ बॅटऱ्यांत जाई, आणि ती यंत्रणा सुमारे वीस वर्षे चालली. एवढे मोठे चाक असूनही त्यातून १२ किलोवॉटच वीज मिळत असे. या दोघांनीही वाऱ्याच्या मर्जीवर थेट दिवा लावण्याचा प्रयत्न केला नाही, कारण दिवा हवा असतो तेव्हा वारा असेलच असे नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

बॅटरीचा हिशेबही वॉटसारखाच फसवा सांगितला जातो. घरोघरी इन्व्हर्टरला जोडलेली १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १.८ युनिटे साठवते. परंतु शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली रोज उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्षात रोज वापरण्याजोगे ०.९ युनिटच धरावे. माझ्याकडे अशा चार होत्या. म्हणजे सात युनिटांची कोठी म्हणून विकलेल्या यंत्रणेतून मला साडेतीन युनिटे मिळत. त्यांत दर महिन्या-दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालणे, हायड्रोमीटरने घनता पाहणे, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुणे आणि खोलीला खिडकी उघडी ठेवणे, कारण भरताना त्यांतून हायड्रोजन निघतो, ही सगळी सेवा आली. जिन्याखालची बंद जागा, जी आपल्या लेखात सुचवली आहे, ती शिशाच्या बॅटरीसाठी अगदी अयोग्य जागा आहे, एवढी दुरुस्ती तरी कृपया छापावी. २०२२ मध्ये मी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ती कोठी पाच युनिटांची असून त्यातली चारांहून अधिक वापरता येतात, पाणी घालावे लागत नाही, आणि शिशाच्या बॅटरीच्या कैक पटींनी अधिक वेळा ती भरता-उपसता येते. घेताना खिशाला झळ बसली. तरीही ज्यांना परवडेल त्यांनी हाच प्रकार घ्यावा असे माझे मत झाले आहे.

या ठिकाणी एक धोक्याची सूचना देणे मी कर्तव्य समजतो, कारण ती मला कोणीच दिली नव्हती. सौरपटल बॅटरीपासून तोडले तर ते नुसते उन्हात पडून राहते. पवनचक्की तोडली तर ती मोकाट सुटते. पात्यांवर असलेला विजेचा भार हाच तिचा लगाम असतो, आणि तो निघाला की वाढत्या वाऱ्यात तिचा वेग कुठच्या कुठे जातो. २०१७ च्या जुलैमध्ये एका रात्री चार्ज कंट्रोलरचा, म्हणजे बॅटरीचे भरणे सांभाळणाऱ्या यंत्राचा, फ्यूज उडाला. मला जाग आली ती विमान डोक्यावर यावे तशा आवाजाने. विजेरी हातात घेऊन पावसात सड्यावर पोहोचेपर्यंत एका पात्याचा टोकाकडचा हातभर तुकडा निखळून खालच्या कलमाच्या खोडात रुतला होता. तिथे दिवसा गुरे बांधलेली असतात. विक्रेत्याला पुढचे आठ दिवस फोन लावत होतो, तो उचललाच गेला नाही. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. मनोऱ्याच्या बुडाशी एक मोठा खटका बसवला, ज्याने पवनचक्कीच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडल्या जाऊन ती जागच्या जागी अडखळते. हा खटका वादळाची चाहूल लागताच, वारा फार वाढण्याआधी ओढायचा असतो. आणि बॅटरी भरली की जादा वीज मोरीतल्या पाण्याच्या हीटरकडे वळवणारी जोडणी करून घेतली, म्हणजे लगाम कधीच सुटत नाही आणि पावसाळ्यात आंघोळीला ऊन पाणीही मिळते. लिथियम बॅटरी वापरणाऱ्यांनी हे अधिक लक्षात ठेवावे : तिच्यातले संरक्षक सर्किट बॅटरी भरल्यावर एका क्षणात संबंध तोडते, म्हणून हीटरकडे वळण्याचा टप्पा त्याच्या आधीचा ठेवलाच पाहिजे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला धडकले. आदल्या दिवशी दुपारी आम्ही सहा जणांनी मनोरा आडवा करून पाती काढून पडवीत आणली होती. वादळाने आमच्या वाडीतली चाळीस-पन्नास वर्षांची माडे-पोफळी आणि कलमे दुपारच्या तीन-चार तासांत झोपवली, विजेचे खांब रस्त्यावर आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. माझी चारांपैकी एक सौरपटलाची चौकट उडून विहिरीत गेली. महावितरणचे कर्मचारी बाहेरच्या जिल्ह्यांतूनही आले आणि भर पावसात राबले, तरी खांब आणि तारा नव्याने उभ्या करायच्या असल्यामुळे आमच्या वाडीत वीज आली ती अठराव्या दिवशी. टाळेबंदीमुळे मुंबईचे चाकरमानीही त्या वेळी गावातच होते, त्यामुळे घरे माणसांनी भरलेली होती. पाचव्या दिवशी आम्ही मनोरा पुन्हा उभा केला. आमच्या शेजारच्या काकी मधुमेहाच्या रुग्ण आहेत. त्यांच्या इन्सुलिनच्या कुप्या तोवर मातीच्या घड्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी पाऊसवारा सुरू झाला, पाती फिरू लागली, आणि संध्याकाळी माझ्या फ्रिजचा कॉम्प्रेसर धडधडून चालू झाला. काकी कुप्यांचा डबा हातात धरून दारातच उभ्या होत्या. फ्रिजचा तो आवाज ऐकून त्या आत आल्या, डबा स्वतःच्या हाताने आत ठेवला आणि बराच वेळ फ्रिजच्या दारावर हात टेकून उभ्या राहिल्या. पुढचे तेरा दिवस माझ्या पडवीत मोबाइल चार्ज करायला रांग असे. दिवे, एक पंखा, फ्रिज आणि तीस-चाळीस मोबाइल. रोज दोन-अडीच युनिटांत सगळे भागले. वीजबिल शून्य झाले की नाही, हे त्या दिवसांत कोणी विचारले नाही.

दोन-अडीच युनिटांत भागले याचे श्रेय पवनचक्कीला नाही, काटकसरीला आहे, आणि हाही विषय लेखात यायला हवा होता. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा तीस वॉटच्या आत तेवढाच वारा देतो. पंखे बदलण्याचा खर्च नवी बॅटरी घेण्याच्या खर्चापुढे नगण्य आहे. तसेच विहिरीच्या पंपाचे. पंप बॅटरीवर चालवायचा म्हटले तर इन्व्हर्टर आणि बॅटरी दोन्ही मोठी घ्यावी लागतात. परंतु वारा किंवा ऊन भरात असताना पंप चालवून गच्चीवरची टाकी भरून ठेवली तर तीच एक साठवण झाली. हजार लिटर पाणी वीस मीटर चढवायला पंपातली गळती धरूनही एक पंचमांश युनिट पुरते, आणि ते पाणी मग दिवसभर विजेवाचून नळाला येते. अर्थात टाकीतले पाणी सोडून त्यापासून पुन्हा वीज मिळवू, असे जे काही उत्साही लोक सांगतात, त्यांनी आकडेमोड करावी : एवढ्या उंचीवर एक युनिट साठवायला अठरा हजार लिटरहून अधिक पाणी लागेल.

आता शासनाच्या धोरणाविषयी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे आमच्या गावातही काही घरांवर तीन किलोवॉटची पटले आली. ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, ही फार चांगली गोष्ट आहे. परंतु गेल्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा शेजारच्या घरी लख्ख ऊन पडलेले असताना पंखा बंद होता, आणि घरमालक मला रागाने विचारत होते की, माझ्या छतावरची वीज गेली कुठे. ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन बंद होताच स्वतःही बंद होतो, कारण तो चालू राहिला तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. हा नियम योग्यच आहे. मात्र बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर असेल तर घर लाइनपासून सुरक्षितपणे वेगळे होऊन आपल्यापुरते चालू राहू शकते, आणि त्या बॅटरीसाठी या योजनेत अनुदान नाही. पटल बसवणाऱ्यांनी ही गोष्ट आधी सांगितली असती, तर त्या गृहस्थांनी निदान दोन युनिटांची बॅटरी सोबत घेतली असती. चक्रीवादळाचा फटका वारंवार बसणाऱ्या किनारी तालुक्यांत तरी पटलाच्या जोडीने लहान बॅटरीला साहाय्य मिळावे, ही माझी पहिली मागणी आहे; ते सबंध घरासाठी नसले तरी चालेल, दिवे, पंखा, फ्रिज आणि मोबाइल एवढ्यापुरते असावे.

पवनचक्कीसाठी पूर्वी केंद्राचा लघुपवन व हायब्रिड यंत्रणांचा कार्यक्रम होता आणि आपल्या राज्यात तो महाऊर्जा या राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेमार्फत राबवला जाई. त्यातले साहाय्य किलोवॉटच्या हिशेबाने मिळे. माझे स्पष्ट मत आहे की, असा कार्यक्रम पुन्हा यायचा असेल तर साहाय्य क्षमतेवर न देता मोजलेल्या युनिटांवर द्यावे. म्हणजे गच्चीवर शोभेला उभारलेली पवनचक्की आपोआप बाद होईल आणि सड्यावर मनोऱ्याचा खर्च करणाऱ्याला त्याचे फळ मिळेल. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांच्या नावातच छतावरील 'नवीकरणीय' ऊर्जा असे शब्द आहेत, केवळ 'सौर' नव्हे. तेव्हा लहान पवनचक्कीची नेटमीटरिंगची, म्हणजे ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा करून घेण्याची, वाटही अर्जाच्या नमुन्यापासून तितकीच सोपी असावी. आणखी एक अडचण वाऱ्याच्या नकाशांची आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचे काम मोलाचे आहे, पण १५० मीटर उंचीवर देशात ११६४ गिगावॉट क्षमता आहे हे कळून मला काय उपयोग? माझा मनोरा पंधरा मीटरचा आहे. किनाऱ्यावरील आणि सड्यांवरील काही शाळांच्या आवारात दहा-पंधरा मीटर उंचीवर वर्षभर वारा मोजला आणि ते आकडे गावाला खुले केले, तर कितीतरी कुटुंबांचे पैसे वाचतील आणि थोड्यांचे योग्य ठिकाणी लागतील.

परदेशातले उदाहरण द्यायचेच तर स्कॉटलंडच्या एग या बेटाचे द्यावे. जेमतेम शंभर वस्तीच्या या बेटावर २००८ पासून ओढ्याचे पाणी, चार लहान पवनचक्क्या, सौरपटले आणि सामाईक बॅटरीसाठा यांवर गावाची स्वतःची वीज चालते, डिझेल जनरेटर अडीअडचणीला ठेवलेला आहे. त्यांनी प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॉटची मर्यादा घालून घेतली आहे आणि ती सर्वांना सारखी आहे. तिथे एकटी पवनचक्की काही करत नाही. तीन उगम, एक साठा आणि वापराला बांध असे सगळे मिळून ते जमते. आमच्या वाडीत सोळा घरे आहेत. प्रत्येकाने वेगळी पवनचक्की घेण्यापेक्षा सड्यावर सामाईक दोन आणि देवळाच्या धर्मशाळेत सामाईक बॅटरी, असा विचार वाडीच्या बैठकीत यंदा मांडला आहे. भावकीत जमिनीचा प्रश्न आहे, तो सुटायला वेळ लागेल.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती. घरगुती पवनचक्क्यांच्या जाहिराती आपल्याही पानांवर येतात. अमेरिकेत लहान पवनचक्क्यांसाठी जे मानक आहे, त्यात सेकंदाला ५ मीटर सरासरी वाऱ्यात वर्षाला किती युनिटे मिळतात तो आकडा सांगण्याची पद्धत आहे. आपण जाहिरातदारांकडून असाच एक आकडा, आपल्याकडच्या वाऱ्याला धरून ४ आणि ५ मीटर अशा दोन्ही वेगांसाठी, मागून घ्यावा आणि जो देणार नाही त्याच्या जाहिरातीशेजारी 'वार्षिक युनिटे कळवलेली नाहीत' एवढी ओळ छापावी. माझ्या नोंदवह्यांच्या प्रती मी आपल्या कार्यालयाकडे पाठवायला तयार आहे. त्यात २०१७ च्या जुलैचे दोन आठवडे आणि निसर्ग वादळानंतरचे पहिले चार दिवस कोरे आहेत, बाकी सर्व दिवस भरलेले आहेत.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
ता. दापोली, जि. रत्नागिरी